मानेवरचा कवडसा

आमच्या घरात कोणी कोणाचे आभार मानत नाही. चहा दिला की पितो, कप परत देतो, संपलं. पण त्र्याहत्तर सालच्या मे महिन्यापासून मी मात्र एका भोकाचे आभार मानत आलो आहे. त्यावर आमच्या शोभाचं, म्हणजे माझ्या बायकोचं म्हणणं असं, की ह्यांना त्या उन्हाळ्यात जी लू लागली ती अजून उतरलीच नाही.

भोक होतं सुईच्या टोकाएवढं. होतं माझ्या कॅमेऱ्यात. आणि त्याच्यापायी माझ्या एकुलत्या एका बहिणीचं लग्न जुळायच्या आधीच मोडायला आलं होतं. मग आभार कशाचे, असं तुम्ही विचारणारच. जरा धीर धरा. मीही धरला होता, आणि तोही भर उन्हात ताडपत्रीखाली.

कॅमेरा घडीचा. पेटीचं झाकण उघडलं की आतून चामड्याचा भाता बाहेर यायचा, हार्मोनियमसारखा, आणि त्याच्या टोकाला भिंग. एका रिळात आठ फोटो. रेल्वेच्या एका रिटायर गार्डसाहेबाकडून मी तो घेतला होता, आणि इंदोऱ्यातल्या आमच्या गल्लीत कॅमेरा असलेला माणूस मी एकटाच. ऑफिसात मी आवक-जावक क्लार्क. तिथं माझं स्थान खिडकीपाशी, म्हणजे उन्हाळ्यातली गरम वाऱ्याची लू सरळ येऊन ज्याच्या कानशिलात मारते तिथं. गल्लीत मात्र मी ‘फोटोवाले वामनराव’. माणसाला जगायला एवढं पुरतं.

बहीण सुभद्रा माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. आई-बाबा गेले तेव्हा ती फ्रॉकात होती. मीच तिला वाढवलं. म्हणजे शोभानं वाढवलं आणि मी प्रगतिपुस्तकावर सह्या केल्या. पोरगी बी.एस्सी. झाली, शाळेत सायन्स शिकवू लागली आणि बघता बघता सव्वीस वर्षांची झाली. सव्विसावं लागल्यापासून गल्ली मला ‘फोटोवाले’ म्हणेना. ‘काय वामनराव, जमलं का कुठं?’ एवढंच विचारी.

आता आमच्या लोकांत पत्रिका पाहत नाहीत. छप्पन्न साली दीक्षा घेतली त्याच आठवड्यात बाबांनी ग्रह, नक्षत्रं, मुहूर्त, सगळं घराबाहेर काढलं. मंगळ गेला, शनी गेला, नाडी गेली. फार चांगलं झालं. पण जिथं पत्रिका पाहतात तिथं काही बिघडलं तर शनीच्या नावानं बोटं मोडता येतात. आमच्यात सगळा भार दोनच गोष्टींवर, शिक्षण आणि फोटो. शिक्षण सुभद्राचं होतं, ते पक्कं होतं. फोटो माझा होता.

स्थळ आणलं ऑफिसातल्या मारोतरावानं. मुलगा खापा गावचा, केशव, हायस्कुलात गणिताचा मास्तर. वडील नाहीत, घरी फक्त आई, बायजाबाई. “पोट्टा असा आहे वामनराव,” मारोतराव म्हणाला, “चहाबी अर्धा कप पेते. तुमी फक्त फोटो द्या, बाकी माझ्यावर सोडा.”

शोभा म्हणाली, “स्टुडिओत जाऊन काढून आणा ना बाप्पा एक चांगला.”

“घरात कॅमेरा असताना?” मी विचारलं. या एका प्रश्नानं पुढचं सगळं रामायण घडवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

सकाळी अकराच्या उन्हात, अंगणातल्या निंबाखाली सुभद्राला खुर्चीवर बसवलं. कॅमेरा तिपाईवर, भाता उघडा, उन्हात. अर्धा तास मी ‘हनुवटी वर, हनुवटी खाली, पदर सरळ’ करत राहिलो. कलेला घाई चालत नाही.

“दादा,” सुभद्रा म्हणाली, “मी शिजून राहिली.”

“हसू नको. फोटोत हसणाऱ्या मास्तरणीवर लोक विश्वास ठेवत नाहीत.”

रीळ धुवायला सीताबर्डीवर ताराचंदकडे दिलं. ताराचंदचा स्वतःचा स्टुडिओ, तीस वर्षांचा धंदा. तिसऱ्या दिवशी त्यानं फोटो माझ्यापुढे ठेवला आणि चष्मा कपाळावर चढवला. “फोटो मस्त आहे वामनराव. पण मानेवर ठिपका आला. ब्रशनं मारून देऊ का? एका मिनिटाचं काम आहे.”

पाहिलं. डाव्या कानाखाली, मानेवर, तुरीच्या डाळीएवढा पांढरा ठिपका. कडा जरा पसरट. आता मी जर ‘द्या मारून’ म्हटलं असतं, तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि मी आज तुमच्यापुढे बसलो नसतो. पण धंदेवाल्या माणसानं माझ्या फोटोत चूक काढावी हे मला सहन झालं नाही.

“हात लावू नका ताराचंदजी,” मी म्हणालो. “तो कवडसा आहे. निंबाच्या पानांतून आलेला. मुद्दाम घेतला आहे.”

ताराचंदनं चष्मा खाली घेतला. घरी शोभानं तोच फोटो हातात धरून विचारलं, “हे काय होय मानेवर?”

“कवडसा.”

“ऊन तं समोरून होतं ना?”

“तुला त्यातलं समजत नाही,” मी म्हणालो आणि फोटो पाकिटात घालून मारोतरावाला देऊन टाकला.

आठ दिवसांनी मारोतराव माझ्या टेबलापाशी आला आणि उगाच माझा टाचण्यांचा डबा हलवत उभा राहिला.

“वामनराव, पोरगी तब्बेतीनं बरी आहे ना?”

“एकदम.”

“म्हणजे... कातडीनं?”

मला अर्थ लागेना. मग त्यानं खाली वाकून कानात सांगितलं, “बायजाबाईनं फोटो पाह्यला. त्या म्हणून राहिल्या, मानेवर पांढरा डाग दिसते. कोड तं नाही म्हणे?”

“कवडसा आहे तो!” मी इतक्या जोरात ओरडलो की साहेब केबिनीतून बाहेर आले. त्यांनाही तेच सांगावं लागलं. दुपारच्या डब्यापर्यंत आवक-जावकपासून लेखा विभागापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं की वामनरावाच्या बहिणीच्या मानेवर काहीतरी आहे आणि वामनराव त्याला कवडसा म्हणतात.

“मग नकार समजायचा का?” संध्याकाळी सायकलस्टँडवर मी मारोतरावाला विचारलं.

“तेच तं समजून नाही राहिलं. आई नाही म्हणते. अन् पोट्टा म्हणते, मी जाऊन पाहतोच. पुढच्या रविवारी येऊन राहिले दोघं.”

म्हणजे डाग तपासायला येणार! बाजारात बैलाचे दात पाहतात तसं माझ्या बहिणीची मान पाहणार! मी सायकल हातात धरून इंदोऱ्यापर्यंत पायी आलो, कारण रागात मला वर बसायचं सुचलंच नाही.

शेजारी महादेवराव राहत. पोस्टातून रिटायर झालेले, आणि पत्रं वाटायची सवय सुटल्यामुळे आता सल्ले वाटत. त्यांचा पहिला सल्ला, ‘दुसऱ्याच पोरीचा फोटो चुकून गेला म्हणा.’ तो मी धुडकावला. दुसरा सल्ला, ‘सरकारी दवाखान्यातून सर्टिफिकेट आणा, की पोरीला कोड नाही. शिक्का असला की बायजाबाईचं तोंड बंद.’ हा मला पटला. क्लार्क माणसाला शिक्क्याच्या पुढे काही सुचत नाही.

दवाखान्याच्या खिडकीतल्या बाबूनं फॉर्म ओढला. “पेशंट कुठी आहे?”

“पेशंट नाही. तिला काही झालेलं नाही.”

“काही झालं नाही तं आले काहून?”

“काही झालं नाही, याचंच सर्टिफिकेट पाहिजे.”

त्यानं पेन खाली ठेवलं. “हे पाहा भाऊ, इथं रोगाचं नाव लिहा लागते. रोग नाही तं नंबर नाही. नंबर नाही तं डॉक्टर नाही.”

“मग शून्य लिहा.”

“रोगाच्या खान्यात शून्य चालत नाही. आधी रोग आणा, मंग तो नाही हे सांगू.”

मला चिडताही येईना. माझ्या खिडकीवर आलेल्या माणसांना मी वीस वर्षं याच सुरात बोलत आलो होतो. समोर आरसा धरल्यासारखं झालं. शेवटी मी फोटोची दुसरी प्रत दाखवली. तेव्हा मागून कंपाउंडरनं मान वर केली, फोटो नीट पाहिला आणि माझ्या हातात मलमाची डबी ठेवली. “दोन टाइम लावा. जुना दिसते.”

डबी घेऊन घरी आलो आणि नेमकी ती सुभद्राच्या हाती लागली. सगळं ऐकून ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“दादा, तू माझ्या नावानं सर्टिफिकेट आणाले गेला होता?”

“तुझ्यासाठीच ना.”

“अन् खरंच असता तं?”

“काय?”

“डाग. खरंच माझ्या मानेवर डाग असता तं काय केलं असतं? मले फोटोत दुसरीकडून बसवलं असतं? कोड काही लागत नाही कोणाले. कातडीतला रंग जाते, बाकी माणूस तसंच्या तसं राहते. हे मी दरवर्षी पोरींना शिकवते.”

“पण तुला नाही ना!”

“नाही म्हणूनच विचारून राहिली. असता तं विचारायची हिंमतच झाली नसती.”

 मी माठातलं पाणी प्यालो, मग अजून एक पेला प्यालो. तोवर तिनंच विषय बदलला. मोठ्या मनाची आहे माझी बहीण. “बरं, कवडसा म्हणतोस ना? मंग तपासून पाह्य. झाडाखाली नको, मोकळ्यावर सगळ्यांचे फोटो काढ. कवडसा असन तं येणार नाही.”

मी नवं रीळ घातलं. शोभाचा काढला, महादेवरावांचा काढला, त्यांच्या बकरीचा काढला, माझ्या सायकलीचा, दाराचा, माठाचा, अशी आठ चित्रं झाली. ताराचंदकडून ती आली आणि आमच्या ओसरीवर हाहाकार झाला. ठिपका सगळ्यांवर! शोभाच्या गालावर, महादेवरावांच्या कानशिलावर, बकरीच्या शिंगावर, माठाच्या पोटावर.

“माझ्या गालावर कोणत्या झाडाचा कवडसा आला जी?” शोभानं विचारलं. मी बकरीचा फोटो पाहण्यात गुंतलो.

महादेवराव तर घाबरून घरी आरसा पाहायला पळाले. सुभद्रानं मात्र आठही फोटो पत्त्यांसारखे एकावर एक नीट ठेवले आणि माझ्या टाचण्यांतली एक टाचणी वरच्या ठिपक्यातून आरपार घातली. टाचणी शोभाच्या गालातून शिरली, महादेवरावांच्या कानशिलातून गेली, बकरीच्या शिंगातून बाहेर पडली. प्रत्येक फोटोत बरोबर ठिपक्यावर.

“पाह्य,” ती म्हणाली. “डाग कोणावरच नाही. कॅमेऱ्यात आहे. कुठून तरी उजेड आत शिरून राहिला.”

मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं, की टाळी माझ्या कॅमेऱ्याच्या बदनामीवर वाजली. सुभद्रा निर्दोष सुटली आणि आरोपी माझा निघाला.

शुक्रवारी ताराचंदला कॅमेरा दाखवला. “मुंबईले पाठवा लागते. दोन महिने धरून चाला.” पाहुणे परवा येणार! केवळ ठिपक्याचे फोटो दाखवून बायजाबाई मानणार नाहीत, आता दुरुस्त कॅमेऱ्यातून स्वच्छ फोटो निघाला पाहिजे, अशी मी मनात एखाद्या वकिलासारखी केस बांधली होती.

“लहानूमामाले दाखवा,” शोभा म्हणाली. लहानूमामा तिच्या आईचा भाऊ. अमरावती रोडवर वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोदामांपाशी त्याचं ट्रकच्या टायरचं पंक्चर काढायचं दुकान.

“कॅमेरा म्हणजे काय ट्रकचा टायर आहे?”

“भोक तं भोकच असते ना?” शोभा म्हणाली. हिच्या बोलण्यात तर्क असतो हे मला नेहमी उशिरा कळतं.

गेलो. इंदोऱ्याहून वाडी, सायकलवर, मे महिन्यात. पोहोचलो तेव्हा माझ्या डोक्यावरचा ओला दुपट्टा कडक वाळला होता. मामानं हात पुसले, कॅमेरा उघडला, भाता दाबून पाहिला. “हवा कुठून भरते याच्यात?”

“हवा नाही मामा. उजेड.”

“मंग उजेड निघून राहिला.”

“निघून नाही, शिरून राहिला.”

“एकच बात. जाण्याचं भोक अन् येण्याचं भोक काही येगळं नसते गा,” मामा म्हणाला आणि काही कळायच्या आत त्यानं कॅमेरा उचलून पाण्याच्या टाकीवर नेला. ट्यूब बुडवून बुडबुडे पाहतात ना, तसा तो माझा कॅमेरा बुडवणार होता! मी जी आरोळी ठोकली ती ऐकून दोन ट्रकांखालून चार ड्रायव्हर बाहेर आले.

“पाण्यात नाही तं पाहू कसं?” मामा नाराज झाला. मग थोडा विचार करून म्हणाला, “चला, अंधारात पाहू.”

दुपारचे दोन. वाडीला त्या वेळी अंधार एकाच ठिकाणी मिळत होता, ट्रकच्या ताडपत्रीखाली. तिथं आम्ही दोघं उकिडवे बसलो. मामानं कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून आत टॉर्च घातला आणि तोंड चिंध्यांनी बंद केलं. ताडपत्रीला डांबराचा वास, मामाला बिडीचा, आणि माझ्या घामाचं मी काय सांगू! बाहेर गर्दी जमली. एक सरदारजी ड्रायव्हर विचारत होता, “ओ भाईसाब, अंदर क्या चल रहा है? तबियत ठीक है?” सरकारी नोकरीत वीस वर्षं इमानानं काढलेला माणूस पंक्चरवाल्याबरोबर ताडपत्रीखाली बसून आहे, हे ऑफिसातल्या कोणी पाहिलं तर काय, या विचारानं मला अजून घाम फुटला.

“थांबा,” मामा कुजबुजला. “दिसलं.”

भात्याच्या एका घडीच्या कोपऱ्यात उजेडाचा एक कण. बस, एवढाच. आमच्या घरातला सगळा गोंधळ, ऑफिसातली कुजबुज, सुभद्राचा तो प्रश्न, सगळं एवढ्याशा भोकातून आत आलं होतं. मला एकदम हसू आलं आणि डोळेही भरून आले. मामाला वाटलं घाम आहे.

“घडी पडते तिथं चामडं फाटतेच,” मामा म्हणाला. “तुमी उन्हात अर्धा अर्धा तास उघडा ठेवत असाल. काहून ठेवता?”

मी कलेबद्दल काही बोललो नाही.

बाहेर येऊन त्यानं सायकलच्या ट्यूबचा नखाएवढा पातळ तुकडा कातरला, सोल्युशन लावलं, फुंकर मारली आणि भात्यावर अलगद दाबला, जखमेवर पट्टी बांधतात तसा. “झालं. आता माझा एक फोटो काढा, बस.” गळ्यात ट्रकचा टायर घालून उभ्या असलेल्या लहानूमामाचा तो फोटो शनिवारी ताराचंदकडून धुऊन आला. ठिपका नाही! असा स्वच्छ फोटो मी त्याआधी आणि नंतरही काढलेला नाही.

रविवारी पाहुणे आले. बायजाबाई उंच, करड्या चेहऱ्याच्या. केशव सडपातळ, शांत, आणि पाहताच मनात भरावा असा. मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना पोरानं पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता, मनगटापर्यंत बटणं लावलेली. याला म्हणतात वळण, मी मनात म्हटलं. सोबत मारोतराव. जय भीम झाला, आलूपोहे झाले. सुभद्रा पाणी घेऊन आली तेव्हा बायजाबाईंची नजर चेहऱ्यावर गेलीच नाही, सरळ मानेवर गेली. माझं डोकं तापलं आणि मी माझा खटला सुरू केला.

एकेक पुरावा मांडला. हा सुभद्राचा फोटो. ही माझी पत्नी. हे शेजारी. ही बकरी. ही आरपार टाचणी. आणि हा दुरुस्तीनंतरचा लहानूमामा! पंधरा मिनिटं बोललो. ऑफिसात मला एवढं कोणी बोलू देत नाही.

“बाप्पा बाप्पा!” बायजाबाई हसायलाच लागल्या. “बकरीच्याबी शिंगावर! म्हणजे पोरीले काहीच नाही?”

“काहीच नाही!”

“मंग आमच्याकून हो समजा.” त्यांच्या छातीवरचं मोठं ओझं उतरल्यासारखं दिसलं. मी विजयी मुद्रेनं केशवकडे पाहिलं.

केशवनं चहाचा कप खाली ठेवला होता. अर्धा नाही, भरलेला. त्याचा चेहरा पार उतरला होता.

“म्हणजे फोटोतला डाग खराच नाही?”

“मुळीच नाही!” मी मांडीवर थाप मारली.

“मंग आमी निघतो,” केशव म्हणाला आणि उठला.

 मारोतरावाच्या तोंडातला पोह्याचा घास तसाच राहिला. केशवनं उजव्या मनगटाचं बटण काढलं.

“केशव, बटन लाव,” बायजाबाई म्हणाल्या.

“नाही माय. आता नाही.”

त्यानं बाही कोपरापर्यंत वर केली. मनगटाच्या वर, आतल्या बाजूनं, तळहाताएवढा पांढरा डाग होता.

“दोन वर्षं झाले,” तो खाली पाहत म्हणाला. “माय म्हणते, लग्न होयेपर्यंत लपव. मले ते जमून नाही राहिलं. मंग हा फोटो आला. मले वाटलं, हे लोक कसे असतील! स्टुडिओवाल्यानं ब्रशनं सहज मिटवला असता असा डाग, पण ज्या भावानं तो न मिटवता बहिणीचा फोटो तसाच पाठवला, त्या घरी मले काही लपवा लागणार नाही. दोघांलेबी डाग म्हणून माय भ्याली, मी मात्र त्याच्याचसाठी आलो. वामनरावजी, माझ्या मनात तुमच्याबद्दल लय आदर होता.”

त्यानं ‘होता’ म्हटलं आणि मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. ब्रश मीही नाकारला होता, पण कशासाठी ते माझं मला ठाऊक! आणि आता खरं सांगतो, लपवत नाही. तो हात पाहून माझ्या मनात पहिला शब्द आला तो ‘नको’. आठवडाभर ज्या बायजाबाईंच्या नावानं मी बोटं मोडत होतो, त्यांच्याच जागी आता मी बसलो होतो, त्याच डोळ्यांनी पाहत. लाज वाटली. फार वाटली.

सुभद्रा तोवर ताट हातात धरून दारात उभी होती. तिनं ते खाली ठेवलं.

“उन्हात जळते का हो ते?” तिनं केशवला विचारलं. अगदी शाळेतल्या सुरात.

“थोडंसं,” तो म्हणाला.

“मंग उन्हात बाही खाली ठेवा. पण घरात काहून? इथं आमीच उकडून राहिलो. दुसरीबी वर करा अन् बसा.”

केशव बसला. दुसरी बाही वर केली.

“पण एक सांगून ठेवते,” सुभद्रा म्हणाली. “तुमी जे पाहून आले ते माझ्यात नाही. मानेवर काहीच नाही माझ्या. चालन का तुमाले?”

 केशव हसला, आणि तो हसला तेव्हा मला कळलं की आल्यापासून तो हसलाच नव्हता. “चालन,” तो म्हणाला.

बायजाबाईंनी डोळ्याला पदर लावला. “दोन उन्हाळे त्या लेकराले मी पूर्ण बाह्यांत उकडवलं वं पोरी,” त्या म्हणाल्या. शोभा उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. मारोतरावानं घास गिळला.

सुभद्रानं माझ्याकडे पाहिलं. तिचा तो जुना प्रश्न अजून माझ्याकडे बाकी होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी उठलो आणि केशवचा तोच हात दोन्ही हातांत धरला. “जावईबापू, चहा थंड झाला,” म्हणालो. “दुसरा मागवतो. पूर्ण कप.”

मग कॅमेऱ्यात नवं रीळ घालून दोघांना निंबाखाली उभं केलं, बाह्या वर तशाच. या वेळी अर्धा तास लावला नाही. सुभद्रा हसली तर हसू दिलं.

तेव्हापासून माझी आभाराची यादी अशी आहे. ते भोक. लहानूमामा आणि त्याचं सोल्युशन. शोभा, जिला त्यातलं समजत नाही असं मी म्हणालो. महादेवरावांची बकरी. आणि माझा फाजील अभिमान, जो जन्मात एकदाच कोणाच्या उपयोगी पडला. सुभद्राचं नाव यादीत नाही, कारण तिचे आभार मानायला गेलो की मी माठातलं पाणीच पीत बसतो.

बुधवारी ताराचंदकडे फोटो आणायला गेलो. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, मान हलवली आणि ब्रश काळ्या रंगात बुडवला.

“तुमच्या पंक्चरवाल्यानं काही केलं नाही वामनराव. ठिपका पुन्हा आला, अन् मोठा आला. पाहा, पोट्ट्याच्या हातावर. थांबा, मारून देतो.”

“हात लावू नका ताराचंदजी.”

“काहून? हाबी कवडसा आहे का?”

“नाही,” मी म्हणालो. “हा आमच्या जावयाचा हात आहे. असाच आहे.”

ताराचंदनं ब्रश पुसून ठेवला आणि फोटो पाकिटात घालून दिला.